पोटाला आधार

हॉटेलात जेवायला जाताना घरून जेवून निघणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे शेजारी, सदानंद गमरे. मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कात दुसऱ्या मजल्यावर त्यांचं दार आणि आमचं दार समोरासमोर होतं, आणि आठ वर्षांत ती दोन दारं दिवसा कधी बंद झाली नाहीत. आजही एखाद्या हॉटेलात शिरले आणि वेटरने पाणी आणून ठेवलं, की मला आधी गमरेकाका आठवतात आणि मग भूक.

अठ्ठ्याऐंशी साली आम्ही लालबागची खोली सोडून तिकडे राहायला गेलो, तेव्हा नातेवाइकांनी आम्हाला अज्ञातवासात निघाल्यासारखा निरोप दिला होता. त्यांचं फारसं चुकत नव्हतं. एका बाजूला मिठागरं, दुसऱ्या बाजूला अर्धवट बांधलेल्या बिल्डिंगी, मध्ये चिखल आणि पाण्याचा टँकर. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट होती, पण ती चालत नसल्याने सगळे तिच्यात सायकली ठेवायचे. तिसऱ्याच दिवशी, शनिवारी संध्याकाळी, टँकर किती वाजता येतो ते विचारायला मी समोरच्या दारात गेले.

आत एक पन्नाशीकडे झुकलेले गृहस्थ जमिनीवर मांडी घालून बसले होते. पांढरा फुल बाह्यांचा शर्ट पँटमध्ये खोचलेला, पट्टा, केसांना तेल, खिशाला पेन. त्यांच्यासमोर बाई बसल्या होत्या. मोरपंखी रंगाची साडी, गजरा, आणि साडीला डाग पडू नये म्हणून मांडीवर पसरलेला जुना टॉवेल. वर भिंतीवर बुद्धाची तसबीर. दोघंही आमटीभात जेवत होते.

"या सूनबाई," गृहस्थ म्हणाले. मी कोण हे त्यांना माहीत नव्हतं, पण नातं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

"कुठे लग्नाला निघालात का?" मी विचारलं.

"नाही, हॉटेलात चाललोय. जेवायला."

मी त्यांच्या ताटाकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं.

"हा आपला पोटाला आधार," ते म्हणाले. "जेवण तिकडे."

आधार म्हणजे चतकोर भाकरी असती तर मी समजू शकले असते. गमरेकाकांचा आधार म्हणजे दोन वेळा वाढून घेतलेला भात, भाजी, वर ताक. पगार झाला की पहिल्या शनिवारी हे दोघं हॉटेलात जात. एकही महिना चुकला नाही, आणि आधाराशिवाय एकदाही उंबरठा ओलांडला नाही. मला विनोद कळायला दोन महिने लागले आणि त्यातला अन्याय कळायला तिसरा. बायकोला एक दिवस स्वयंपाकातून सुट्टी म्हणून लोक हॉटेलात जातात. शकूकाकूंना त्या दिवशी उलट घाई. सहाला रांधायचं, तयार व्हायचं, टॉवेल पसरून जेवायचं, पदर खोचून भांडी घासायची, आणि साडेसातला 'आज काय बरं खावं' असा चेहरा करून हॉटेलात शिरायचं.

"सुनीता, माझी ना एकच इच्छा आहे," एकदा लसूण सोलता सोलता काकू मला म्हणाल्या. "दागिना नको, काशीबिशी तर नकोच नको. एकदा मला कडकडून भूक लागलेली असताना हॉटेलात जायचंय. चूल न पेटवता. आणि ह्यांना पण तशीच भूक लागलेली पाहिजे."

"मग सांगा ना त्यांना."

"सांगितलं. लग्न झाल्यावर एकदा, मुंबईत असताना एकदा, इथे आल्यावर एकदा. तीनदा सांगून झालं की माणसाने लसूण सोलावा."

मी आगाऊपणे काकांनाच विचारलं. ते एका सरकारी ऑफिसात हेडक्लार्क होते आणि घरीही फायलीच्या भाषेत बोलत. "सूनबाई," ते म्हणाले, "भुकेला माणूस चवीचा न्याय करू शकत नाही. त्याला सगळंच चांगलं लागतं. पोटात आधार असला की जिभेला खरं बोलता येतं." मला ते पटलं. काकूंनी मात्र माझ्याकडे असं पाहिलं की काही तरी शिल्लक आहे एवढं मला समजलं.

न्याय मात्र काका खरोखर करायचे. स्टेशनजवळ एका शेट्टींच्या हॉटेलात वरच्या मजल्यावर एसी फॅमिली रूम होती. त्या काळी मीरा रोडला एसी म्हणजे ऐश्वर्य. आम्हीही अधूनमधून तिथे जायचो. काका तिथे बरोबर मधलं टेबल घेत. कोपरा नाही, खांबाच्या मागे नाही, मोरीकडे तर नाहीच. मग वेटरचं नाव, गाव विचारत, मग मेनूकार्ड पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मोठ्याने वाचत. सूपपासून आइस्क्रीमपर्यंत. वेटर बिचारा या पायावरून त्या पायावर. शेवटी एक सूप दोघांत, एक भाजी दोघांत, आणि दर महिन्याला एक नवा पदार्थ. प्रत्येक घासानंतर काका थांबत, वर पाहत आणि शेरा मारत. "पनीर, समाधानकारक." "नान, फेरविचारार्थ परत." व्हेज मांच्युरियन पहिल्यांदा आलं तेव्हा त्यांनी एक गोळा अर्धा कापून आत पाहिलं आणि म्हणाले, "कोबीची भजीच आहे ही, परदेशी जाऊन आलेली. मंजूर."

काकूंना हसू आवरायचं नाही. त्या दोघांचं एकमेकांशी जमलेलंच इतकं होतं की शेजारच्या टेबलावरची माणसं आपलं बोलणं थांबवून ह्यांचं ऐकत. नवराबायको हॉटेलात गेल्यावर साधारण भिंतीकडे बघत जेवतात. आमचंही तसंच होतं. ह्या दोघांकडे बघून मी आणि दिलीप, म्हणजे माझा नवरा, जेवताना बोलायला लागलो.

मला बँकेत प्रमोशन मिळालं तेव्हा त्या आनंदात आम्ही काका-काकूंना हायवेवरच्या एका नव्या हॉटेलात घेऊन गेलो. झाडांना लायटिंग, कारंजं, टाय लावलेला मॅनेजर. अर्थात निघण्याआधी आम्हा दोघांनाही समोरच्या घरात आधार घ्यावा लागला. वालाची उसळ आणि तांदळाची भाकरी. नाही म्हणायची सोय नव्हती. आणि काकूंची उसळ अशी की नाही म्हणायची इच्छाही नव्हती.

तर आम्ही चौघं पोटं भरून त्या हॉटेलात बसलो. काकांनी मेनू वाचायला घेतला. वाचता वाचता वेटरला विचारलं, "भाईसाब, ये ग्रेव्ही में काजू डालते हो या मगज के बीज? तेल कौनसा है? किचन किधर है आपका?" आलेल्या भाजीचा एक घास घेतला, थांबले, वर पाहिलं, खिशातलं पेन काढून कागदाच्या चिठोऱ्यावर काहीतरी लिहिलं. काकूंना घरी करून बघता यावी म्हणून ते मसाले लिहून घेत होते. पण मॅनेजरला लांबून दिसलं ते वेगळंच. सरकारी चेहऱ्याचा एक माणूस, खिशाला पेन, जेवायची अजिबात घाई नाही, एकेक घास घेऊन टिपणं काढतोय.

दोन मिनिटांत मसाला पापड आले. आम्ही मागवले नव्हते. मग मॅनेजर स्वतः मलाई कोफ्ता घेऊन आला. "शेफ स्पेशल, सर. हमारी तरफ से." मग डाळ. मग जिरा राईस. मग गाजर हलवा, वर चांदीचा वर्ख.

"काय माणसं आहेत बघा," काका भारावून म्हणाले. "आपण मागितलंही नाही."

"अहो, पण जागा कुठाय?" काकू कुजबुजल्या.

"अन्न टाकायचं नाही."

आम्ही जेवलो. मी आयुष्यात इतकं कधी जेवले नाही आणि इतकी दुःखी होऊनही कधी जेवले नाही. दिलीपने पट्ट्याचं एक भोक सोडलं, मग दुसरं. निघताना मॅनेजर हात जोडून म्हणाला, "सर, रिपोर्ट में ज़रा देख लेना."

"रिपोर्ट एकदम समाधानकारक है," काका म्हणाले.

बाहेर आल्यावर दिलीपने त्यांना समजावून सांगितलं. काका तिथल्या तिथे थबकले आणि तसेच मागे वळून आत गेले. "देखो भाई, मैं हेडक्लार्क हूँ, इन्स्पेक्टर नहीं. आपने गलत आदमी को खिलाया." मॅनेजरने ते ऐकलं आणि तो आणखीनच घाबरला. असा प्रामाणिक अधिकारी त्याने बहुधा पाहिला नसावा. त्याने काकांच्या हातात चार पानं ठेवली.

परतीच्या वाटेवर कुणालाच चालवेना, म्हणून आम्ही रस्त्याकडेच्या एका मोरीच्या कठड्यावर बसलो. काकू हसून हसून डोळे पुसत होत्या. "नुसता तो आधार नसता ना," त्या म्हणाल्या, "तर त्या कोफ्त्याचं सोनं झालं असतं." काका पान चघळत राहिले.

त्यानंतरच्या थंडीत आम्ही चौघं उत्तनजवळच्या पालीला गेलो. तिथे रोझीमावशी म्हणून एक कोळीण आपल्या पडवीत चार टेबलं मांडून जेवण घालायची. पाटी नाही, मेनूकार्ड नाही, पण मुंबईहून गाड्या करून माणसं यायची. भाईंदरच्या बसस्टॉपवर काकूंनी पिशवीतून डबा काढला. स्टीलचा, झाकणावर कोरलेलं 'सौ. शकुंतला स. गमरे'. आम्ही स्टॉपवर उभ्या उभ्या चपाती-भाजी खाल्ली, बस आली, आणि आम्ही मासे खायला निघालो.

रोझीमावशीने तळलेला हलवा आणि कालवण वाढलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. काकांनी एक घास घेतला, थांबले, वर पाहिलं. ते तोंड उघडणार इतक्यात मावशीच म्हणाली, "तुमी जेवून आलाव."

"नाही म्हणजे, थोडंसं..."

"न्हाय म्हनू नका. मना कलतंय. भुकेल्या मान्साचा हात असा चालत न्हाय. पहाटपासना चुलीपाशी हाय मी. भरल्या पोटाच्या मान्सासाठी रांधलंय काय?" ती चिडली नव्हती. तिला खरंच वाईट वाटलं होतं. "म्होरच्या टायमाला भुकेले या. मंग सांगा काय सांगायचं ते."

काकांनी ताट संपवलं, पण शेरा मारला नाही. जेवून आम्ही किनाऱ्यावर जाऊन बसलो. बांबूंवर बोंबील वाळत होते. मग काका आपणहून बोलायला लागले.

"आमच्या गावात, मंडणगडकडे, खोताच्या घरी लग्न असलं की अख्ख्या गावाला जेवण. आमच्या वाडीची पंगत शेवटची. अंगणाच्या बाहेर, गोठ्याच्या अंगाला. तोवर चार वाजायचे. आई आम्हा भावंडांना घरून नाचणीची भाकरी खायला घालून न्यायची. म्हणायची, भुकेल्या पोटी बसलात की तुमचे डोळे दुसऱ्याच्या पानात जातील. आणि ते त्यांना दिसेल. ते त्यांना दिसता कामा नये."

आमटीत मीठ कमी आहे हे सांगावं, तेवढ्याच आवाजात त्यांनी हे सांगितलं. मला मात्र कुठे बघावं कळेना. माझ्या आजोळीही अशी लग्नं व्हायची. मी पहिल्या पंगतीत बसायचे, जिलबी अर्धी टाकून उठायचे. शेवटच्या पंगतीला कोण बसतं आणि कुठे बसतं, हे मी कधी विचारलंही नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

काकूंना हे सगळं माहीत होतं. म्हणून तर तीनदाच सांगून त्या गप्प बसल्या होत्या. त्या दिवशी त्या चौथ्यांदा बोलल्या.

"आई बरोबरच होत्या हो. पण ती पंगत उठली. आता तुमच्यासमोर माणूस पॅड घेऊन उभा राहतो, साहेब काय आणू म्हणून विचारतो. अजून किती वर्षं आपण घरून जेवून जायचं?"

काका वाळूत काडीने रेघा ओढत होते. "सवय आहे गं," ते म्हणाले. मग थोडं हसून, "प्रस्ताव तूर्त स्थगित."

हे स्थगित चार वर्षं चाललं. शहाण्णव साली काका रिटायर झाले. त्याच सुमाराला बेव्हर्ली पार्कात एक झकपक हॉटेल निघालं होतं. रस्त्याच्या बाजूने आख्खी काच, टेबलांवर कापडी नॅपकिन, त्यांची कमळं केलेली. रिटायर झाल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी तिथे जायचं ठरलं. रिटायर झाल्यावर घरी बसवेना म्हणून काका त्या दिवशीही ऑफिसात मित्रांना भेटायला गेले होते. दुपारी काकू माझ्या दारात आल्या. पदर खोचलेला.

"सुनीता, एक काम आहे. जरा हात लाव."

आम्ही दोघींनी त्यांचा गॅसचा सिलिंडर कडेवर तिरपा करून, गोल गोल फिरवत, समोरून माझ्या स्वयंपाकघरात आणला. मग भाताचं पातेलं, चिवड्याचा डबा, लाडूंचा डबा, बिस्किटं, केळी, एवढंच काय पण गुळाची ढेपसुद्धा. काकूंच्या घरात खाण्याजोगं म्हणून फक्त मीठ उरलं. मी सिलिंडरवर चादर टाकली. काकू मोरपंखी साडी नेसायला गेल्या. त्या वेळी त्या चौपन्न वर्षांच्या होत्या आणि शाळा चुकवलेल्या मुलीसारख्या दिसत होत्या.

साडेसहाला काका आले. समोरून सगळं ऐकू येत होतं.

"आधार?"

"गॅस संपला."

"सकाळी तर होता."

"सकाळी होता. आता नाही." हे अगदी खरं होतं.

मग डबे उघडल्याचे, झाकणं ठेवल्याचे आवाज. मग काका माझ्या दारात. शर्ट खोचलेला, तेल लावलेलं, चेहरा थोडा गोरामोरा. "सूनबाई, दोन घास भात असेल का गं? नुसता असला तरी चालेल. ताकाबरोबर खाईन."

मला खोटं बोलता येतं. बँकेत रोज बोलावं लागतं. पण त्या माणसासमोर तोंड उघडेना. आणि उघडून उपयोगही नव्हता, कारण माझ्या टेबलावर, त्यांच्यापासून दोन हातांवर, स्टीलचा डबा होता. काकांनी चष्मा सारखा केला आणि झाकणावरचं नाव वाचलं. सावकाश, मेनूकार्ड वाचावं तसं. मग त्यांची नजर चादर पांघरलेल्या सिलिंडरकडे गेली.

"काय आहे डब्यात?" त्यांनी विचारलं.

"रव्याचे लाडू," मी म्हणाले.

"वा."

हात पुढे केला असता तर डबा त्यांचाच होता. मी स्वतःच झाकण काढून दिलं असतं. पण काकांनी हात केला नाही. ते मागे वळले. समोरच्या दारात काकू गजरा माळून उभ्या होत्या. हसत नव्हत्या. इतकी वर्षं जे मागितलं ते आता मिळेल की कायमचं जाईल, असा त्यांचा चेहरा होता. काकांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग पट्टा नीट केला.

"मंजूर," ते म्हणाले.

त्यानंतर चार महिन्यांनी काका-काकू गावी राहायला गेले. पुढच्या वर्षी आम्हीही ठाण्याला आलो. बुद्धपौर्णिमेला काकू माझ्याकडे खीर घेऊन यायच्या, त्याऐवजी आता त्यांचं पत्र येऊ लागलं. त्यात शेवटी काकांच्या अक्षरात एक ओळ असायची, की इथली हॉटेलं फेरविचारार्थ आहेत. मग हळूहळू पत्रंही थांबली, जशी थांबतात. पण माझ्या डोळ्यांसमोर काका आहेत ते त्या शनिवारचे.

आपण त्या वेळी औषध आणायला चाललो होतो, असं दिलीप अजून सांगतो. औषधबिषध काही नव्हतं. आम्ही बघायला गेलो होतो. बेव्हर्ली पार्कच्या त्या हॉटेलासमोर रस्त्यापलीकडे एका दुकानाच्या पायरीवर उभे राहिलो. काचेमागे, बरोबर मधल्या टेबलावर, दोघं बसले होते. मेनूकार्ड मिटून बाजूला पडलं होतं. नॅपकिनचं कमळ कधीच मोडलं होतं. काका जेवत होते. थांबत नव्हते, वर बघत नव्हते, शेरा मारत नव्हते. नुसते भराभर जेवत होते, आणि काकू रोटी मोडून त्यांच्या ताटात टाकत होत्या आणि स्वतःही तेवढ्याच भराभर खात होत्या. एकदा दोघांचे हात एकाच कांद्यावर पडले आणि काकू तोंडावर पदर धरून हसल्या.

मग ताटातलं संपलं. काका मागे टेकले आणि शेजारच्या टेबलाकडे पाहू लागले. तिथे एका गुजराती कुटुंबासमोर तव्यावरचं काहीतरी चुरचुरत, धूर काढत आलं होतं. काका चोरून बघत नव्हते. मान वळवून, सरळ त्यांच्या ताटात बघत होते. मला रडू आलं, आणि ते लपवायला माझ्याकडे पदरही नव्हता, कारण मी पंजाबी ड्रेसमध्ये होते. दिलीपने काही न बोलता रुमाल दिला.

काकांनी हात वर करून वेटरला बोलावलं. तो पॅड घेऊन आला. काकांनी बोट लांब करून शेजारच्यांच्या ताटाकडे दाखवलं, की आम्हालाही ते हवंय. वेटरने मान डोलावली, लिहून घेतलं आणि आत गेला.